चोरानं नारळ नेला नाही

१

नूतनला कप मिळाला, लक्ष्मण सरांना शाल मिळाली आणि चोराला कुणी काही बोललं नाही.

हे वाक्य मी लिहिलेलं नाही. तुम्हीही ते वाचलेलं नाही. शेवट आधीच सांगून टाकला तर लोक कथा वाचतील कशाला, असं सुवर्णानं मला बजावलंय, आणि या प्रकरणात डिटेक्टिव्ह तीच असल्यामुळे ऐकणं भाग आहे. तर पुन्हा सुरुवात.

कप चोरीला गेला.

शहाण्णव सालच्या श्रावणातला रविवार. सुरतेत उधन्याच्या बाजूचं आमचं कॉलेज. संध्याकाळी आमच्याच सभागृहात ‘सर्वोत्तम महाविद्यालयीन बास्केटबॉल खेळाडू’ या पुरस्काराचा सोहळा होता. सगळ्या सुरतेतल्या कॉलेजांत मिळून हा पुरस्कार एकच, मुलगा असो की मुलगी. पुरस्कार समिती याला स्त्री-पुरुष समानता म्हणते. खरं कारण असं की त्यांच्याकडे कप एकच आहे. पितळेचा, दोन कानांचा, लेकरासारखा कडेवर घ्यावा लागेल एवढा. फिरता कप. वर्षभर विजेत्याच्या घरी राहतो आणि पुढच्या सोहळ्याआधी परत येतो. विजेत्या खेळाडूचा प्रशिक्षक आपोआप सर्वोत्तम प्रशिक्षक ठरतो. त्याला शाल आणि नारळ. ते परत मागत नाहीत.

सकाळी क्रीडाखोलीचं कपाट लक्ष्मण सरांनी उघडलं. सर आमचे प्रशिक्षक, मूळचे परभणीकडचे. रिंगची जाळी बदलायची झाली तर त्यांना स्टूल लागतं आणि स्टुलावर खुर्ची लागते. पण त्यांनी शिकवलेली नूतन यंदा शहरात पहिली आली होती.

कपाटात शाल होती. नारळ होता. कपाची लाकडी बैठकसुद्धा होती. तिच्यावरचा कप नव्हता.

“अरे, कोठं गेलंय ते?” म्हणत सरांनी शाल उचलून खाली बघितलं. शाल घडी केलेली होती. कप तिच्याखाली असता तर तो पापडाएवढा असता.

“शटल रिक्षा नाही मिळाली, म्हणून उशीर झाला,” दारातून भिकन म्हणाला. भिकन म्हणजे क्रीडाखोलीचा शिपाई, रोजंदारीवरचा. हे वाक्य तो रोज म्हणतो. आज मात्र त्याला कुणी विचारलं नव्हतं.

आणि नूतन? ती रिकाम्या बैठकीकडे बघत होती. फायनलमध्ये कोपर लागून ओठ फुटला तरी ही मुलगी हसत होती. आता ती शांतपणे म्हणाली,

“चला. संपलं माझं कॉलेज.”

२

हे तिनं रागानं म्हटलं नव्हतं. तो तिच्या घरातला करार होता.

नूतनचे वडील निंबाकाका नवागामला राहतात आणि लूमवर काम करतात. धुळ्याकडून आलेला माणूस, शब्दाचा पक्का. नूतनचं दुसरं वर्ष झाल्यावर त्यांनी तिला सरळ सांगितलं होतं, “पयला नंबर म्हनतस ना? मंग कप हातमा दखाड. दखाडशी तर आखो येक वरीस कॉलेज.” कप हातात दिसला तर आणखी एक वर्ष. नाही दिसला तर साड्यांच्या घड्या घालायचं काम आणि शिरपूरकडचं एक स्थळ. स्थळाचं स्वतःचं पानाचं दुकान होतं. नूतनचा पानाला विरोध नव्हता, पण तिला अजून खेळायचं होतं.

सुवर्णा तिच्या शेजारी जाऊन बसली. सुवर्णा आमच्या संघाची बारावी खेळाडू, वर्ध्याकडची, कोसाडला राहते. दोन वर्षांत ती एकदाही मैदानात उतरलेली नाही. बेंचवर बसून माणूस करणार काय? बघते. मी अक्षय, संघाचा स्कोअरर. माझी खुर्ची बेंचला लागूनच, म्हणून मी तिच्या शेजारी बसून ती काय बघते ते बघतो.

सुवर्णानं कपाट बघितलं. कुलूप फुटलेलं नव्हतं. कप ज्या बोल्टनं बैठकीवर बसवलेला असतो तो बोल्ट, त्याचा नट आणि वायसर चहाच्या बशीत नीट मांडून ठेवलेले होते.

“अक्षय, चोर बशी घेते का रे?”

“चहा प्यायचा असेल तर घेईल.”

“आणि हे बघ. चोरानं नारळ नेला नाही.”

“मग?”

“मग म्हणजे त्याच्याकडं नारळ आहे.”

मी तिच्याकडे बघितलं. तिनं सकाळपासून काही खाल्लेलं नसणार, असं मी धरून चाललो.

एवढ्यात बन्सीलालभाई आले. हे पुरस्कार समितीचे सचिव. साड्यांचे व्यापारी, दिसायला मऊ, नियमांना कडक. त्यांनी बैठकीला हात लावला, मग कपाटाला, मग स्वतःच्या कपाळाला.

“जुओ लक्ष्मणभाई,” ते म्हणाले, “आमचा नियम सीधा आहे. समारंभाच्या जागी कप प्रत्यक्ष हाजर पाहिजे. कप नाही तर यंदा पुरस्कार नाही. आणि चावी तुमच्याकडे होती. संध्याकाळपर्यंत कप नाही आला तर मला पोलिसात लिहून द्यावं लागेल. माझा नाइलाज आहे.”

“माझ्यावर?” सर म्हणाले. “अहो, शाल मलाच भेटणार होती! मी माझाच सत्कार कशाला चोरू?”

बन्सीलालभाईंनी यावर विचार केला. “माणसाचा भरोसा नाही,” ते म्हणाले.

दुसरी चावी खिळ्यावर असते. ती खिळ्यावरच होती. भिकन तिच्याकडे बघत आपली काळी पडलेली बोटं पँटला पुसत होता.

“काय झालं रे बोटांना?” सुवर्णानं विचारलं.

“सायकलची चेन पडली वाटेत,” भिकन म्हणाला आणि जाळ्या मोजायला निघून गेला. आमच्याकडे एकूण दोनच जाळ्या आहेत. तो बराच वेळ मोजत होता.

३

पहिला संशयित धर्मेंद्र. दुसऱ्या कॉलेजचा, मागच्या वर्षीचा विजेता, यंदा दुसरा. कप गेल्याच आठवड्यात त्याच्या घरून आमच्याकडे आला होता. पाहुणा म्हणून तो सकाळपासूनच आमच्या कोर्टवर एकटा बॉल टाकत होता.

“कप नाही तर नूतन नाही,” सुवर्णा त्याला म्हणाली. “तुला बरं वाटत असेल.”

“मला?” धर्मेंद्रनं बॉल टाकला. बॉल रिंगवर बसल्यासारखा थांबला आणि बाहेर पडला. “मला तर कप परत गेला म्हणून सुटल्यासारखं झालं होतं. आईनं त्यात मनीप्लांट लावला होता. वर्षभर वाढला, पार पंख्यापर्यंत गेला. कप परत करायचा म्हणून तो बादलीत लावला, तर सुकत चाललाय. आई रोज विचारते, दुसरा कप कधी आणणार.”

“म्हणजे हेतू आहे,” मी म्हणालो.

“मी कालपासून आज पहाटेपर्यंत डाइंग मिलवर होतो, पलसाण्याला. मामाच्या जागी. हे बघ.” त्यानं हात दाखवले. कोपरापर्यंत जांभळे. कपाटावर, बशीवर, बैठकीवर जांभळा डाग कुठेच नव्हता. धर्मेंद्र सुटला. निघताना त्यानं विचारलं, “सापडला तर आत माती आहे का बघ. आई विचारेल.”

“पण एक शिकले बावा,” सुवर्णा चालता चालता म्हणाली. “पेल्यासारखं काही दिसलं का बाया त्यात काहीतरी ठेवतात.”

“पुढे?”

“पुढे निंबाकाका. कप हरवला तर फायदा कुणाचा? ज्याला पोरीचं कॉलेज बंद करायचंय त्याचा.”

मागे नूतन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

“चला घरी,” ती म्हणाली. “माझ्यासमोर विचारा.”

४

नवागामला गल्लीच्या तोंडापासून केळीचे खांब लागलेले. त्या दिवशी खानदेशी घरांत कानबाई बसते, हे आम्हाला तिथे गेल्यावर कळलं. बन्सीलालभाईंना तर कधीच कळलं नसतं. म्हणूनच त्यांनी सोहळ्याला हा रविवार धरला होता आणि निमंत्रितांपैकी अर्ध्यांनी येत नसल्याचं कळवलं होतं. श्रावणातल्या एका रविवारी चौरंगावर कळस ठेवायचा, त्यावर नारळ, नारळाला डोळे, नथ, दागिने, अंगावर नवं वस्त्र. हीच देवी. दिवसभर पुरणपोळ्या, रात्री गाणी, सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर. आणि एकदा बसली की सोमवारपर्यंत तिला जागची हलवायची नाही. हात लावायचा नाही. घर पडलं तरी नाही.

निंबाकाका दारातच भेटले. डोक्यावर नवी टोपी.

“काका, कप हरवलाय,” सुवर्णा म्हणाली.

“मालूम शे.” ते जमिनीकडे बघत म्हणाले. “सांगं मले भिकननी.”

“मग आता नूतनचं कॉलेज?”

“मी शब्द दिधा व्हता. कप हातमा. कप नही ते…” त्यांनी हात झटकले आणि चालू लागले.

“बघितलं?” मी हळूच म्हणालो. “डोळ्यांत थेंब नाही.”

सुवर्णा त्यांच्या मागे निघाली. निंबाकाका चार घरं पुढे गेले, चप्पल काढली आणि एका दारात शिरले. आत गल्लीची मोठी कानबाई बसली होती. घर उषाबाईंचं, म्हणजे भिकनच्या आईचं. आम्ही दारापाशी थांबलो. निंबाकाकांनी देवीपुढे डोकं टेकलं आणि ते पुटपुटले. गल्लीतला माणूस पुटपुटला तरी लूमच्या आवाजावर जाईल एवढ्या जोरात पुटपुटतो, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू आलं.

“माय, पोरना कप सापडू दे. मी शब्द दिसन अडकी गऊ. आते मागे कसा लेऊ? तूच दखाड.”

नूतननं माझा खांदा एवढा घट्ट धरला की पुढच्या सीझनला मी डाव्या हातानं स्कोअर लिहिणार असं वाटलं. तिच्या बापाला तिला थांबवायचं नव्हतं. दिलेल्या शब्दातून बाहेर कसं पडायचं एवढंच त्याला माहीत नव्हतं.

म्हणजे दुसरा संशयितही गेला. मी सुवर्णाला तसं सांगायला वळलो. ती माझं ऐकत नव्हती. तोंड उघडं ठेवून देवीकडे बघत होती.

५

“या वो पोरींनो, माय बठेल शे, पाया पडा,” उषाबाई म्हणाल्या. कपाळभर कुंकू, हात पिठानं भरलेले. “यंदानी माय दखा! गल्लीमा समदा म्हनतस, माय कंबरवर हात ठेईसन उभी शे.”

खरंच तसं होतं. देवीच्या अंगावरचं हिरवं वस्त्र दोन्ही बाजूंना फुगलं होतं, जणू आत दोन कोपरं वाकलेली. गेल्या वर्षीपेक्षा देवी वीतभर उंच झाली होती, असं शेजारणी एकमेकींना सांगत होत्या. एकीच्या मते देवी रागावलेली होती. दुसरीच्या मते देवी कौतुकानं बघत होती. तिसरी म्हणाली, देवीला कंबर दुखत असेल, दिवसभर बसायचं म्हणजे.

“मावशी,” सुवर्णानं अगदी गोड आवाजात विचारलं, “खालचा कळस नवा आहे का हो?”

“नवा! मना भिकननी आनेल शे. मी दोन वरीस सांगी राहिंथू, बाबा, जुना कळस गये, नवा आन. काल रातले दखं ते चुल्हापान ठेयेल! कसा लखलख! काही बोलना नही पोऱ्या. तसाच शे तो, मायले चकित कराना व्हता.”

मागे दारातला केळीचा खांब हलला. भिकन आमच्याआधीच कॉलेजातून परत आला होता आणि आता आम्हाला तिथे बघून खांबाला टेकला होता.

“भिकनदादा,” सुवर्णा त्याच्याजवळ गेली, “तुम्ही रोज शटल रिक्षानं येता. तुमच्याकडे सायकल कधीपासून आली?”

भिकननं बोटं पाठीमागे नेली.

“चेनचं काळं तेलकट असतं, पँटला पुसलं की फासतं. तुमचं नुसतं काळं होतं. पितळ घासलं की होते तसं. बैठक सोडली, नट-बोल्ट बशीत ठेवले, म्हणजे परत लावायचे होते. कप चोरला नाही तुम्ही. घासायला आणला.”

भिकन खाली बसला. मग एकदम सगळं बोलला. प्लेगनंतर दोन वर्षांत सगळी सुरत घासून निघाली, गल्ल्या धुतल्या, भिंतींना चुना लागला, आणि आपल्या गल्लीतल्या पोरीला पहिल्यांदा कप मिळणार तर तो काळाकुट्ट? त्याला ते बघवलं नाही. शनिवारी पिशवीत घालून त्यानं कप घरी आणला, चिंच लावून घासला, चुलीपाशी सुकायला ठेवला आणि झोपला. पहाटे आईनं त्याला केळीचे खांब आणायला पाठवलं. परत येतो तर कपावर नारळ, नारळाला नथ आणि गल्लीतल्या बायका आरती म्हणताहेत.

“आईला सांगायचं होतं,” तो म्हणाला. “पण ती देवीशी बोलत होती. म्हणत होती, बघ माय, माझ्या पोरानं आणला. मग मी काय बोलणार? आणि कॉलेजात बोललो तर नोकरी जाणार. उद्या विसर्जन झालं की ठेवणारच होतो.”

“उद्यापर्यंत सर लॉकअपमध्ये असते,” मी म्हणालो.

उषाबाईंनी हे सगळं पीठ झाडत ऐकलं. आता त्या कोसळणार, असं मला वाटलं. त्यांनी सुवर्णाला एकच प्रश्न विचारला.

“बक्षिसना शे ना? मंग चांगलंच शे. कोनी वापरेल नही ना?”

“नाही मावशी,” सुवर्णा म्हणाली. “वर्षभर नुसता दाखवतात.”

मनीप्लांटबद्दल मी गप्प बसलो.

कप सापडला होता. फक्त त्याच्यावर देवी बसली होती आणि उद्या सकाळपर्यंत ती उठणार नव्हती.

६

बन्सीलालभाईंना आम्ही रिक्षात घालून आणलं. त्यांनी चप्पल काढली, हात जोडले, मग वाकून देवीच्या दोन्ही बाजूंकडे पाहिलं.

“कान ओळखले,” ते म्हणाले. “पण नियम नियम आहे. समारंभाच्या जागी कप हाजर पाहिजे.”

“कप हजर आहे जी,” सुवर्णा म्हणाली. “समारंभच इथं नाही.”

बन्सीलालभाईंनी मनातल्या मनात नियम पुन्हा वाचून काढला. नियमात जागा कुठली ते लिहिलेलं नव्हतं. असं भोक आपल्या नियमात आहे हे त्यांना त्या क्षणी कळलं आणि त्यांना ते थोडंसं आवडलंही.

संध्याकाळी टेम्पोतून खुर्च्या, माइक आणि बॅनर नवागामला आले. सभागृहात जितके आले असते त्याच्या तिप्पट लोक गल्लीत आधीच होते. धर्मेंद्रही आला आणि पहिल्या रांगेत बसला. बन्सीलालभाईंनी भाषण केलं, “सदर कपाची समितीनं खात्री करून घेतली असून तो सध्या वापरात आहे,” आणि लक्ष्मण सरांना शाल घातली. शाल त्यांच्या टाचांपर्यंत गेली. सर माइकवर म्हणाले, “मी काय केलं? मी नुसतं गुडघे वाकव म्हणायलो.” एवढं बोलून ते रडले. मग बन्सीलालभाईंनी देवीकडे हात करून नूतनचं नाव घोषित केलं आणि गल्लीनं टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावर निंबाकाका उठले. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

“पन हातमा नही ना. मना शब्द हातमा व्हता.”

बापाला शब्द मोडायचा नव्हता आणि देवीला कुणी उठवणार नव्हतं. नूतन देवीच्या वस्त्राखालच्या त्या दोन कानांकडे बघत राहिली. वीतभर अंतर.

तेव्हा उषाबाई आतून आल्या, पदर खोचत.

“निंबा, बस खाले. सकायले मायले नदीवर कोन ली जाई ते मी ठरावस. मना गुडघा गयात. हाई पोर ली जाई.”

सोमवारी सकाळी उषाबाईंनी आरती करून कानबाई उचलली आणि नूतनच्या डोक्यावर ठेवली. नूतननं दोन्ही हात वर केले आणि वस्त्राखालून कपाचे दोन्ही कान धरले. नवागामपासून तापी लांब, म्हणून टेम्पो. पण देवी वाटेत खाली टेकवायची नाही, आणि बसून न्यायची नाही. नूतन टेम्पोत उभी, पुढे बँड, मागे स्कूटरवर बन्सीलालभाई. टेम्पोचा ड्रायव्हर सुरतेतलाच असल्यामुळे स्पीडब्रेकरचा त्यानं मान राखला नाही.

“गुडघे वाकव!” लक्ष्मण सर शाल पोटाशी गुंडाळून मागच्या फळीवरून ओरडत होते. “एक पाय रोव! दुसऱ्यावर फिर! मान सरळ, पोरी, मान सरळ!”

वळणावर टेम्पो तिरका झाला, आम्ही सगळे एकमेकांवर पडलो. बन्सीलालभाई मागे डोळे मिटून घेताना दिसले. नूतन एक पाय रोवून अर्धी फिरली, गुडघ्यांत बसली आणि पुन्हा ताठ झाली. देवीची नथसुद्धा हलली नाही. गल्लीतल्या बायकांनी आरोळी ठोकली. मी सवयीनं खिशात पेन शोधलं, पण या गोष्टीला किती पॉइंट द्यायचे हे आमच्या खेळात ठरलेलं नाही.

तापीच्या घाटावर उषाबाईंनी नारळ पाण्यात बुडवून पदरात घेतला, वस्त्र सोडलं. सकाळच्या उन्हात कप उघडा झाला आणि तो नूतनच्या हातात होता. पितळ इतकं चकचकीत की त्यात निंबाकाकांची टोपी दिसत होती.

निंबाकाका पाण्यातून पुढे आले. त्यांनी कपाला हात लावला नाही. पोरीच्या हातांना लावला.

“येक वरीस,” ते म्हणाले. मग नाक पुसलं आणि लक्ष्मण सरांकडे वळले. “सर, यानाथीन मोठा कप ऱ्हास का?”

“असतोय की,” सर म्हणाले. “राज्याचा असतोय, देशाचा असतोय. पण त्याला वेळ लागतोय, निंबाभाऊ. एका वर्षात नाही व्हायचं.”

निंबाकाका नदीकडे बघत उभे राहिले. शब्द एका वर्षाचा होता. मी आणि सुवर्णानं तिथेच घाटाच्या पायरीवर बसून पुढचा अर्ज तयार केला आणि मंगळवारी विद्यापीठात नेऊन दिला.

प्रति,
मा. कुलसचिव,
विद्यापीठ कार्यालय, सुरत.

विषय : चालू शैक्षणिक वर्ष न संपवण्याबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये नम्र निवेदन की, तृतीय वर्षाची विद्यार्थिनी कु. नूतन हिला तिच्या वडिलांनी शिक्षण व खेळ यांसाठी एक वर्षाची मुदत मंजूर केलेली आहे. वर्ष कधी संपते हे वडिलांनी ठरवलेले नसून तो अधिकार आपल्या कार्यालयाकडे आहे. सबब विनंती की, सदर वर्ष तिला राज्याचा व त्यानंतर देशाचा कप मिळेपर्यंत संपल्याचे जाहीर करण्यात येऊ नये. परीक्षा घेण्यास अर्जदारांची हरकत नाही. मात्र निकाल लावू नये. दिवाळीची सुट्टी नेहमीप्रमाणे द्यावी. इतर विद्यार्थ्यांची गैरसोय होत असल्यास त्यांचे वर्ष स्वतंत्रपणे संपवता येईल.

तरी कृपया आवश्यक ते आदेश निर्गमित करून उपकृत करावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
अक्षय (स्कोअरर) व सुवर्णा (राखीव खेळाडू)